तिसरा तास, शेवटचा बाक

१६ जून, पहाटे ५.१०

आजपासून शाळा सुरू. माझीसुद्धा. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, परवानगी दिली. रोज तिसऱ्या तासाला दहावी ब मध्ये शेवटच्या बाकावर बसायचं आणि इंग्रजी शिकायचं. अट एकच, घंटा चुकायची नाही. बावीस वर्षं या शाळेत शिपाई आहे आणि बावीस वर्षं घंटा मीच देतोय, एकदाही चुकलेली नाही. हे त्यांना माहीत आहे, तरी अट घातलीच. साहेबलोकांना अट घातल्याशिवाय परवानगी देता येत नाही. क्लार्क झाल्यावर मीही लक्षात ठेवीन.

परिस्थिती थोडक्यात. आमचे क्लार्क राजकुमार बाबू पुढच्या ३१ मे ला रिटायर होतात. शिपायाला त्या खुर्चीवर बसायचं तर दहावी पास पाहिजे. टायपिंग झालेलं आहे. मार्चमध्ये सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसलो, सगळे विषय सुटले, इंग्रजी राहिला. सत्तावीस. पस्तीसला आठच कमी, म्हणजे तसा पासच. जुलैच्या फेरपरीक्षेचा फॉर्म मुद्दाम भरला नाही. घाई कशाला, एकदाच बसायचं आणि दणक्यात सुटायचं.

संकल्प: रोज पाचला उठणे. रोज पंचवीस शब्द पाठ. ही डायरी १ जुलैपासून इंग्रजीत.

१७ जून, सकाळी ७.४०

पाचला उठलो. पण आज पाण्याचा दिवस निघाला. आठ दिवसांनी नळ आला. सुरेखा म्हणाली, आवं, शब्द उद्याबी हायेत, पाणी उद्या नाय. सौभाग्यवती शिकलेली नसली तरी मुद्द्याचं बोलते. ड्रम, टाकी, हंडे, कळश्या, शेवटी प्रेशर कुकरसुद्धा भरला. शब्द उद्या पन्नास.

१९ जून

वर्गात पहिले दोन दिवस ओशाळल्यासारखं झालं. पोरांना मी नोटीस बुक घेऊन आलेला बघायची सवय, त्यामुळे मी आत आलो की आता मॅडम सही करणार म्हणून त्यांच्याकडे बघतात. आज बसलोच. शेजारच्या रांगेतल्या शेवटच्या बाकावर माहनूर नावाची मुलगी असते. फार बोलते म्हणून मागे बसवलेली आहे. तिनं मान वळवून विचारलं, मामा, तुम भी नापास हुए क्या? मी सांगितलं, नापास नाही, एक विषय राहिलाय. ती म्हणाली, हौ, मेरा बड़ा भाई भी ऐसाच बोलता.

इंग्रजीच्या फहमिदा मॅडमनी सगळ्यांना विचारलं, इंग्रजी कशाला शिकायचंय? कोणी इंजिनिअर म्हणालं, कोणी पुण्याला जायचंय म्हणालं. मी उभा राहून म्हणालो, क्लार्क. कोणी हसलं नाही. मॅडमनी फळ्यावर सगळ्यांच्या खाली तेही लिहिलं. माणसं ओळखण्याची नजर आहे मॅडमना.

२५ जून

आज कविता. एक पक्षी फांदीवर बसतो आणि शेवटी उडून जातो. एवढ्याला चार कडवी. कवीनं पहिल्याच कडव्यात उडवला असता तर सगळ्यांचा वेळ वाचला असता. नंतर मॅडमनी कवितेचं रसग्रहण कसं लिहायचं ते सांगितलं: नाव, कवी, यमक, अलंकार, मध्यवर्ती कल्पना, मला का आवडली. मी चटकन ओळखलं. हे आवक-जावक रजिस्टर आहे. रकाने ठरलेले, फक्त भरायचे. म्हणजे साहित्य हे ऑफिसचंच काम निघालं, आणि ऑफिसचं काम मी बावीस वर्षं जवळून बघितलंय.

घरी येऊन सर्व कवितांना चालेल असं एकच रसग्रहण तयार केलं. द पोएम इज व्हेरी नाइस. द पोएट इज गिव्हिंग मेसेज टू अस. पुढे एक जागा मोकळी, तिथं पक्षी, नदी, आई, जे असेल ते भरायचं. मग इज व्हेरी इम्पॉर्टंट इन लाइफ. इतक्या वर्षांत हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही.

१ जुलै

टुडे इज फर्स्ट जुलै. आय अॅम रायटिंग धिस डायरी इन इंग्लिश. रेन इज नॉट. माय वाइफ इज मेकिंग भाकरी.

मनात पुष्कळ आहे पण ते इंग्रजीत मावत नाही. पाया मराठीत पक्का करून मग बदलावं. डायरी १५ ऑगस्टपासून इंग्रजीत, झेंड्याच्या मुहूर्तावर.

१० जुलै

आज छोटीशी गोष्ट घडली. तिसरा तास संपायच्या तीन मिनिटं आधी मला वर्गातून निघावं लागतं, व्हरांड्यात टांगलेल्या रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर टोल द्यायला. आज मॅडम एकेकाला उठवून वाचायला सांगत होत्या. माझ्या पुढच्या दोघांचं झालं आणि माझ्या लक्षात आलं की घंटेची वेळ झाली असावी. निघालो आणि टोल दिला. राजकुमार बाबूंनी खिडकीतून घड्याळ दाखवलं. घंटा नऊ मिनिटं लवकर झाली होती. दहावी ब मधून आरडाओरडा ऐकू आला, आनंदाचा. मोठ्या बाईंना सांगितलं की घड्याळाचा सेल उतरलाय. त्याच दिवशी नवीन सेल टाकला, म्हणजे खोटं राहिलं नाही.

२९ जुलै

आजचा दिवस माझ्या आयुष्यात लिहून ठेवण्यासारखा. मॅडमनी पत्रलेखन दिलं: शहरात पाणी वेळेवर येत नाही, महापालिका आयुक्तांना तक्रारीचं पत्र लिहा. वर्गात पेनांचा आवाज सुरू झाला. या शहरात या विषयाला कल्पनाशक्ती लागत नाही. माहनूरनं तर दीड पान भरलं आणि शेवटी पाणी सोडणाऱ्या लाइनमनचा मोबाइल नंबरही दिला. मला पाचापैकी तीन मिळाले. इंग्रजीत एवढे मार्क मला कधीच मिळाले नव्हते. शिवाय पत्त्यात शहराचं नाव बदलल्यापासून लांब झालंय, एक ओळ आपोआप भरते.

ठरलं. हे एक पत्र असं पाठ करायचं की झोपेतून उठवलं तरी स्वल्पविरामासकट म्हणता यावं. परीक्षेत काहीही येऊ दे, आपण पाण्यावर न्यायचं. हिंडून फिरून सगळं पाण्यावरच येतं की.

१५ ऑगस्ट

झेंडा, जिलेबी, संचलन. खुर्च्या मांडून उचलेपर्यंत दोन वाजले. अशा दिवशी इंग्रजीत डायरी सुरू करणं बरं दिसत नाही. दिवाळीपासून.

४ सप्टेंबर

मॅडमनी वेगळाच गृहपाठ काढला. कसलाच नमुना नाही, मुद्दे नाहीत. म्हणाल्या, तुम्ही रोज जे करता आणि जे दुसऱ्या कोणाला माहीत नाही, असं काहीतरी लिहा. आधी मराठीत लिहा, मग जमेल तशा इंग्रजीत. मुद्दे नसताना लिहायचं म्हणजे फॉर्म नसताना अर्ज करण्यासारखं. पण गृहपाठ चुकवणं माझ्या स्वभावात नाही.

मी घंटेचं लिहिलं. शाळा साडेदहाची, पण मी घड्याळावर टोल देत नाही. आधी गेटबाहेर बघतो. पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यावरून कोणी पळत येताना दिसलं तर हातोडी वर धरून थांबतो. पोर आत आलं की मग टोल. बारकं असलं तर जास्त थांबतो. एकदा एका मुलीची चप्पल तुटली होती, ती हातात घेऊन पळत होती, तेव्हा दीड मिनिट थांबलो होतो. हात भरून आला होता. एवढंच. इंग्रजीत बावीस ओळी झाल्या, त्यातल्या निम्म्या ओळींत अँड देन आहे.

५ सप्टेंबर

वाईट दिवस. मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं. माझं! चुकांसकट, मोठ्यानं. मी बाकाखाली पेनाचं टोपण शोधत राहिलो. वर्ग एकदम गप्प. एरवी हा वर्ग प्रार्थनेलाही गप्प नसतो, तेव्हा सगळ्यांना माझी कीव आली असणार. मॅडम म्हणाल्या, रामकिसन मामा, याला कॉम्पोझिशन म्हणतात. असंच लिहीत राहा, तुम्ही पास होणार. मोठ्या मनाच्या आहेत, धीर द्यायला काहीही बोलतात. मार्क मात्र दिले नाहीत, म्हणजे काय ते समजलो.

तास संपल्यावर माहनूर जिन्यात आडवी आली. मामा, वो चप्पलवाली लड़की मैं थी. सातवी में थी मैं. तुम मेरे वास्ते रुके थे क्या? मी म्हणालो, बेटा, घंटेची वेळ झाली, बाजूला हो.

६ सप्टेंबर

रात्रभर विचार केला. त्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलंय की मी घंटा उशिरा देतो. उद्या कोणी तो मोठ्या बाईंना दाखवला तर मेमो. क्लार्कच्या खुर्चीची आशा धरून बसलेल्या माणसानं असला कबुलीजबाब देऊ नये. शिवाय त्यात रिस्पेक्टेड सर नाही, युवर्स फेथफुली नाही, विषय नाही, संदर्भ नाही. कसलं लिखाण ते. सकाळी मॅडमकडून वही परत मागून घेतली आणि पान फाडलं. मॅडम बघत होत्या. पान घरी आणून बंबात टाकलं.

आता फक्त पाणी.

२८ सप्टेंबर

पत्र पाठ झालं. एकशे दहा शब्द, दोन मिनिटं वीस सेकंद. शेंद्र्याला कंपनीत असलेल्या मेव्हण्याला फोनवर म्हणून दाखवलं. तो म्हणाला, दाजी, एकदम आकाशवाणी. अर्थ कळला का विचारलं तर म्हणाला, अर्थ कशाला पाहिजे, स्पीड बघा की.

१४ ऑक्टोबर

सहामाहीचा पेपर तपासून मिळाला. मित्राचा धावण्याच्या शर्यतीत पहिला नंबर आला, त्याचं अभिनंदन करा, असं पत्र आलं. डगमगलो नाही. अभिनंदन केलं, आणि लिहिलं की तू पळून आलास तेव्हा तुला तहान लागली असेल, पण आमच्या भागात आठ दिवसांपासून पाणी नाही. पुढे सगळं पाठ. मॅडमनी पाचापैकी अर्धा मार्क दिला आणि समासात प्रश्नचिन्ह काढलं. माहनूरनं पेपर बघून विचारलं, मामा, दोस्त को मुबारकबाद देरे कि डरा रे? लहान आहे. हुकमी तयारी म्हणजे काय, ते तिला बोर्डाच्या वेळी कळेल.

मॅडमनी मला थांबवून सांगितलं की पाठ केलेलं सोडा, सप्टेंबरात लिहिलं तसं लिहा. मी होय होय म्हणालो. त्यांचा आग्रह मोडवत नाही.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. डायरी इंग्रजीत आणण्याचं नवीन वर्षापासून. तेव्हा डायरीही नवी असेल.

१९ नोव्हेंबर

झालं ते झालं. दुसऱ्या तासाला स्टाफरूमच्या मागे उभा राहून पत्राची उजळणी करत होतो. एकदा म्हणालो, अडखळलो, पुन्हा पहिल्यापासून. असं काही वेळा. भानावर आलो तेव्हा मोठ्या बाई समोर उभ्या होत्या. दुसरा तास पंचवीस मिनिटं जास्त चालला होता. आठवी अ मध्ये गणिताचे सर शिकवण्यासारखं संपल्यामुळे मुलांना स्वतःच्या लग्नाची हकीकत सांगत होते.

मेमो मिळाला. बावीस वर्षांतला पहिला. मीच जावक नंबर टाकला आणि मीच मला दिला. सही करून पोच घेतली. मेमोतलं मराठी चांगलं होतं, कर्तव्यात अक्षम्य कसूर वगैरे. क्लार्क झाल्यावर असे शब्द वापरायला मिळतील.

मोठ्या बाई म्हणाल्या, परीक्षेपर्यंत बघते, नाहीतर घंटेचं काहीतरी करावं लागेल. काय करणार? घंटा काय कोणीही देईल?

७ डिसेंबर, वैजापूर

सुरेखाच्या चुलतभावाचं लग्न. मांडवात सासरेबुवांनी माझी ओळख बाबू म्हणून करून दिली. मी दुरुस्त केलं नाही. सहा महिन्यांचाच प्रश्न आहे, आणि भरमांडवात वडीलधाऱ्या माणसाला खोटं पाडणं बरं नव्हे. मग एका पाहुण्यानं मुलाचा कसलासा इंग्रजी फॉर्म पुढे केला, की बाबू, एवढा भरून द्या. चष्मा घरी राहिलाय असं सांगितलं. चष्मा डोळ्यावर होता. पाहुणा भला होता, फॉर्म घडी घालून खिशात ठेवला.

 परत येताना बसमध्ये सुरेखा म्हणाली, आवं, नाय झालं तरी काय व्हतंय? शिपाई म्हनूनच दिलं होतं मला आईबापानं. मी म्हणालो, तसलं बोलू नकोस, मन खचतं. ती म्हणाली, तुमचं? मी म्हणालो, व्हय, माझंच. मग तिनं खिडकी लावून घेतली, वारं लागत होतं.

१ जानेवारी

नवीन डायरी कोणी भेट दिली नाही. हीच चालू.

२४ जानेवारी

सराव परीक्षा. बावीस. याचं कारण उघड आहे. पेपर फहमिदा मॅडमनी काढला, आणि त्या मला ओळखतात, म्हणून पाणी टाळून प्रश्न काढले. बोर्ड मला ओळखत नाही. उलट तिथे फायदाच.

वर्गात रसग्रहण परत मिळालं. कविता युद्धाची होती. मी रकान्यात भरलं होतं, वॉर इज व्हेरी इम्पॉर्टंट इन लाइफ. मॅडमनी खाली लिहिलंय, मामा, कविता वाचली होती का? वाचायला वेळ कुठे असतो.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी

उद्या परवा करत पेपर आला. परवा इंग्रजी. पंचवीस शब्द रोज या हिशोबानं सहा हजार व्हायला हवे होते. खरे किती झाले ते मोजत नाही, आत्ता मन विचलित करायचं नाही. पत्र एक मिनिट पन्नास सेकंदांवर आलंय.

आज राजकुमार बाबू बँकेत गेले होते तेव्हा त्यांच्या खुर्चीत बसून बघितलं. पाठीला एक फळी टोचते. उशी लागेल. टेबलाच्या काचेवर बोटानं इंग्रजीत सही करून पाहिली, खाली ज्युनिअर क्लार्क. छान दिसते, वळणदार.

२३ फेब्रुवारी

पेपर दिला. शांतपणे, क्रमानं लिहितो.

माझं सेंटर दुसऱ्या शाळेत होतं. हॉलमध्ये मी सगळ्यात मोठा, सुपरवायझर मला पालक समजून बाहेर थांबायला सांगत होते. हॉल तिकीट दाखवलं. तिथली घंटा दर वेळी चार मिनिटं उशिरा होत होती. आवाजही चपटा, हात मोकळा सोडत नव्हता कोणीतरी. पण आपण गप्प बसलो.

आता मुख्य गोष्ट. लेखनाचा मोठा प्रश्न असा होता: तुमच्या शाळेतल्या अशा एका व्यक्तीविषयी भाषण लिहा जिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं, पण जिच्याशिवाय शाळा चालणार नाही. जिवाचं पाणी झालं. मुद्दे एकही दिले नव्हते.

डोकं धरून विचार केला. मोठ्या बाई? त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, आणि महिन्यातले दहा दिवस त्या मीटिंगला असतात तरी शाळा चालते. फहमिदा मॅडम? गेल्या वर्षी आजारी पडल्या तेव्हा तिसऱ्या तासाला चित्रकला झाली, चालली शाळा. राजकुमार बाबू? ते गेले की शाळा बंद पडेल असं मीच बोर्डाला लिहून दिलं तर माझी नेमणूक कशी होणार? एकेक करून सगळा स्टाफ डोळ्यांसमोर आणला. वॉचमनपासून बागेतल्या आशाबाईंपर्यंत. खरं सांगतो, एकही माणूस सुचला नाही.

आणि मग डोक्यात उजेड पडला. टँकरवाला! त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं, आणि त्याच्याशिवाय शाळा एक दिवस चालणार नाही. डिअर फ्रेंड्स म्हणून सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला पत्रात उतरलो. एकशे दहा शब्द एका दमात, स्वल्पविरामासकट. शेवटी युवर्स फेथफुली.  वर्षभराची मेहनत कामी आली.

२३ फेब्रुवारी

माहनूर शाळेत एका फॉर्मवर शिक्का घ्यायला आली होती. खुशीत होती. मामा, भाषणवाला सवाल कित्ता आसान था ना! तुम तो पूरा लिखे होंगे. मी म्हणालो, पूर्ण लिहिला. तिनं विचारलं, सप्टेंबर वालाच लिखे ना? मी म्हणालो, नाही, टँकरवाल्यावर लिहिलं, पाण्याचं. ती माझ्याकडे बघत राहिली.  शिक्का उलटा पडला होता, तोही तिच्या लक्षात आला नाही.

१० मार्च

फहमिदा मॅडमनी विचारलं, भाषण कोणावर लिहिलं? सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, चहा सांगता का मामा? मी आणून दिला. प्यायल्या नाहीत, तसाच गार झाला. मॅडमना अॅसिडिटीचा त्रास आहे.

२ एप्रिल

राजकुमार बाबूंकडून फायली समजून घेण्याचा संकल्प. रोज एक. आज पहिली काढली, सगळी इंग्रजीत निघाली. निकालानंतर एकदमच घेईन, तेव्हा डोकं मोकळं असेल.

१४ मे, दुपारी १.२०

निकाल. आशाबाईंच्या मुलीनं मोबाइलवर काढून दिला.

एकोणतीस.

१४ मे, दुपारी ४

शांतपणे विचार केला. सत्तावीसवरून एकोणतीस. म्हणजे प्रगती आहे. वर्षाला दोन. या वेगानं एकतीस, तेहतीस, पस्तीस, तीन वर्षांत सुटतो. हे गणित कोणीही तपासावं, गणित माझं सुटलेलं आहे.

खुर्ची मात्र सतरा दिवसांत रिकामी होते.

१५ मे

माहनूर पेढे घेऊन आली. इंग्रजीत एक्क्याण्णव. मॅडमना भेटून मग माझ्याकडे आली, रुळाच्या तुकड्याखाली उभी राहिली. म्हणाली, मामा, मैंने भाषण तुमपे लिखी. वो घंटा, वो चप्पल, सब. मैं सोची तुम भी वहीच लिखेंगे, फिर दोनों का एक जैसा हुआ तो कॉपी समझेंगे, इस वास्ते मैं डर रही थी.

मी पेढा खाल्ला. गोड होता. मी म्हणालो, चप्पल तुटलेली सांगायला नको होती, घरच्यांना वाईट वाटेल. ती म्हणाली, हौ. मग पाया पडायला वाकली. मी म्हणालो, नको नको, मॅडमच्या पड.

घरी सुरेखाला सांगितलं की एका मुलीनं बोर्डाच्या पेपरात माझ्यावर लिहिलं. ती म्हणाली, आन तुमी? मी म्हणालो, पाणी आलं का ते बघ. आज पाण्याचा दिवस नव्हता.

३० मे

उद्या रविवार म्हणून राजकुमार बाबूंचा निरोप समारंभ आजच. हार मी आणला, खुर्च्या मी मांडल्या, माइक मी टेस्ट केला. बाबू भाषणात म्हणाले, रामकिसननं फार प्रयत्न केले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कशासाठी होत्या ते कळलं नाही, पण मीही वाजवल्या.

त्यांच्या जागी शिवराज म्हणून आलाय. चोवीस वर्षांचा आहे, बी.कॉम. आमच्याच शाळेचा, २०१८ ची बॅच. मला बघून उभा राहिला, मामा बसा म्हणाला. खुर्चीत उशी घालून घे असं मी त्याला सांगितलं.

११ जून

मोठ्या बाईंनी कंत्राटदार आणून व्हरांड्यात पांढरा डबा बसवला. आपोआप वाजणारी घंटा. वर्षभराचं वेळापत्रक आत भरलेलं, सुट्ट्यांसकट. रुळाचा तुकडा मीच स्टुलावर चढून खाली उतरवला. वाटला त्यापेक्षा जड निघाला. भंगारात देऊ नका, असं मी सांगितलं. बरं, म्हणाल्या.

फहमिदा मॅडम म्हणाल्या, मामा, आता घंटेचं बंधन नाही, तिसऱ्या तासाला पूर्ण वेळ बसा. पुन्हा पहिल्यापासून करू. मी म्हणालो, बघतो. उद्यापासून म्हणणार होतो, पण तोंडातून बघतो असंच आलं.

१५ जून

आज शाळा सुरू. मला नवीन काम दिलंय. साडेदहाला गेट लावायचं आणि उशिरा आलेल्यांची नावं वहीत लिहायची.

साडेदहाला डबा वाजला. गाण्यासारखा वाजतो, बरा वाजतो. त्याच वेळी टाकीच्या कोपऱ्यावरून पाचवीतली एक बारकी मुलगी पळत येत होती, दप्तर दोन्ही हातांनी धरून. माझा उजवा हात वर गेला होता. हातात काही नव्हतं.

वाजून संपलं तेव्हा ती गेटबाहेरच्या सायकल स्टँडपाशी होती. मी गेट लावलं.

नावं इंग्रजीतून लिहायची असतात, वर रकाने छापलेले आहेत: नाव, इयत्ता, किती मिनिटं उशीर, कारण. तिला विचारून विचारून सगळं भरलं. एकही चूक झाली नाही.